गुरुवारी पोचलेले तीन स्कॅन

आनंदाच्या खिडकीतून शिवडीची खाडी दिसते. थंडीत फ्लेमिंगो उतरले की पाण्याच्या कडेला गुलाबी पट्टा उमटतो, आणि आनंदा तो बसल्या जागी चहा पिता पिता बघतो. माझ्या खिडकीतून समोरच्या इमारतीचे संडासाचे पाइप दिसतात. लालबागची आमची चाळ पाडून हा टॉवर उभा राहिला तेव्हा खोल्यांची सोडत निघाली. आनंदा कासले, चौदावा मजला, पूर्वेची बाजू. हर्षवर्धन घाडी, चौदावा मजला, पश्चिमेची बाजू. हा दुसरा म्हणजे मी. चाळीत आमची भिंतीला भिंत होती, इथे दारासमोर दार आलं. आयुष्यात एक तरी चिठ्ठी माझ्या बाजूने निघावी की नाही?

आमच्या भजन मंडळाला यंदा पन्नास वर्षं होतात, त्याची स्मरणिका निघणार आहे. मंडळाचं सगळं बघणारे तात्या ऐंशीच्या पुढचे. ते महिनाभर माझ्या मागे लागलेत. "आनंदावर तूच लिही रे. लहानपणापासून बघतोयस त्याला." म्हणजे इथेही लिहिण्याजोगा तो, आणि मी लिहिणारा कारकून. तरी मी दोन पानं लिहिली. मनमिळाऊ, कष्टाळू, हसतमुख, मंडळाचा आधारस्तंभ. वाचून मलाच ओकारी आली. ती फाडली आणि आता हे लिहितोय.

आमच्या दोघांचे वडील एकाच गिरणीत, एकाच पाळीला. आम्ही एकाच शाळेत, एकाच बाकावर. मी आठवीत असताना मंडळाचे बुवा नवीन पोरांना पखवाजावर बसवणार होते. मी वर्षभर घासलेटच्या रिकाम्या डब्यावर बडवून बडवून तयारी केली होती. बोल पाठ, हात पाठ. आनंदा त्या दिवशी नुसता मला जेवायला बोलवायला आला होता. माझं वाजवून झालं तेव्हा बुवा "बरं आहे" म्हणाले, आणि दारात उभ्या असलेल्या आनंदाला म्हणाले, "तू पण बस रे, बघू." तो बसला. त्याला एक बोल माहीत नव्हता. गाणाऱ्याकडे कान लावून त्याने जे काही वाजवलं त्यावर बुवांनी डोळे मिटून मान डोलावली. मला टाळ मिळाले. गेली तीस वर्षं मी टाळ वाजवतो. शेजारी पखवाज घुमतो आणि मी आपला चिन् चिन्.

घरी तर विचारूच नका. माझी आई, रमाबाई, जन्माने देवगडची, आणि अजून बोलते तशीच. मी कामावरून दमून घरात पाऊल टाकलं की तिचा पहिला प्रश्न, "आनंदा इलो काय रे?" बाजारातून सुरमई आणली तर डोक्याकडचा तुकडा त्याच्यासाठी बाजूला. त्याची आई लवकर गेली म्हणून, हे मला कळतं. कळून पोटातलं दुखणं थांबत नाही.

मी डिप्लोमा केला. मग नेटवर्कच्या चार परीक्षा दिल्या, त्यांची चार सर्टिफिकेटं फ्रेम करून हॉलमध्ये लावलीत. आनंदाने आयटीआयचं वायरमनचं केलं आणि गच्च्या-गच्च्यांवरून केबल टीव्हीच्या वायरी ओढल्या. पुढे लोक मोबाइलवर सगळं बघायला लागले, तो धंदा बसला आणि आनंदा घरी बसला. आई म्हणाली, "तेका तुझ्याकडे लाव." परळच्या एका निदान केंद्रात मी नेटवर्कचा प्रमुख आहे. रक्त, एक्स-रे, मेंदूचे स्कॅन, सगळं तिथे होतं. मी त्याला वायरिंगच्या कामाला लावून घेतला.

खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. आनंदा माझ्या हाताखाली. माझ्या सहीशिवाय त्याला साधा स्क्रू ड्रायव्हर मिळायचा नाही.

सहा महिने गेले आणि मजल्यामजल्यावरून फोन यायला लागले, "आनंदाला पाठवा." मला नको, आनंदाला. केंद्राच्या मुख्य डॉक्टर सुनेत्रा मॅडम, ज्या मला "मिस्टर घाडी" म्हणतात, त्या त्याला "अहो आनंदा, जरा बघता का" म्हणायला लागल्या. तो काय करायचा? काही नाही. यंत्राशेजारी फरशीवर मांडी घालून बसायचा आणि चालवणाऱ्याला विचारायचा, "काय दिसलं ते सांगा. काय झालं असेल ते नको, नुसतं काय दिसलं." मग ऐकत बसायचा. याला काय डोकं लागतं? पण लोकांना ते आवडायचं. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आता मूळ गोष्टीवर येतो.

केंद्रात साठेक मशीन आहेत. त्यांचे पत्ते आतल्या आत वापरायचे असतात, बाहेरच्या जगात ते चालत नाहीत. दाराशी एक यंत्र बसवलेलं असतं, फायरवॉल म्हणतात त्याला. बाहेर जाणाऱ्या माहितीची छोटी पाकिटं होतात, त्या प्रत्येकावरचा आतला पत्ता काढून ते केंद्राचा बाहेरचा पत्ता घालतं, आणि उत्तर आलं की ज्याचं त्याला देतं. गेल्या वर्षी आमचं जुनं यंत्र थकलं. मी एका रविवारी नवीन बसवलं. आतल्या बाजूला भारीतलं वेगवान नेटवर्क कार्ड घातलं आणि त्याचे होते नव्हते ते सगळे पर्याय चालू करून टाकले. एवढं दणकट कार्ड घेतलंय ते काय शोभेला? मॅडमना बोलावून वेग दाखवला. त्या "वा" म्हणाल्या. त्यांचं "वा" मला अकरा वर्षांत पहिल्यांदा मिळालं.

सोमवारी सकाळी स्कॅन अडकायला लागले.

आमच्याकडचे मेंदूचे स्कॅन माटुंग्याच्या एका तज्ज्ञ डॉक्टरांकडे लागलीच जातात. अर्धांगाचा झटका आलेला पेशंट टेबलावर असतो, आणि कुठलं औषध द्यायचं ते माटुंग्याहून फोनवर ठरतं. तिथे मिनिटं मोजावी लागतात. आता गंमत बघा. लेखी रिपोर्ट जात होते. वेबसाइट उघडत होत्या. बाहेरून येणारं सगळं धडाधड येत होतं. पण स्कॅन पाठवायला घेतला की चार टक्क्यांवर जाऊन त्याची गोगलगाय व्हायची, आणि अर्ध्या तासाने मशीन हात टेकायचं. लहान जातंय, मोठं अडतंय.

मी पिंग करून बघितलं. पिंग म्हणजे समोरच्या टोकाला मारलेली हाक. ओ आली की रस्ता चालू आहे असं समजायचं. वायरवरून एका पाकिटात पंधराशे बाइटच्या वर जात नाही, म्हणून मी पूर्ण पंधराशे भरतील एवढी मोठी हाक मारली. तीही गेली. मग फायरवॉल बाजूला ठेवून लॅपटॉप थेट बाहेरच्या लाइनला जोडला आणि तोच स्कॅन पाठवला. मिनिटात पोचला, पण तेवढा वेळ बाकी सगळं केंद्र बंद, त्यामुळे रोजचे स्कॅन असे धाडता येणार नव्हते. म्हणजे खोट फायरवॉलमध्येच. मला वाटलं, पत्ते बदलायच्या नियमांत घोळ आहे. ते नियम मी पुसून तीनदा नव्याने लिहिले. काही फरक नाही.

तोवर स्कॅन सीडीवर भरून स्कूटरने माटुंग्याला जायला लागले. स्कूटर आनंदाची आणि जाणाराही तोच. दिवसाला सात-आठ फेऱ्या.

मंगळवारी तो हातात हेल्मेट घेऊन माझ्या मागे उभा राहिला. माझ्या स्क्रीनवर फायरवॉलमधून जाणाऱ्या पाकिटांची यादी पळत होती, पुढे प्रत्येकाचा आकडा.

"हर्षा, पंधराशेच्या वर जात नाही म्हणालेलास ना?"

"हो. मग?"

"मग हे तेवीस हजार कसलं?"

मी हसलो. शेजारी स्कॅनचे दोन टेक्निशियन होते, त्यांना ऐकू जाईल असा हसलो. "अरे, ते कार्ड करतं. पंधराशेची सोळा पाकिटं आली की वरची वेष्टनं काढून ती जोडतं आणि एकच गाठोडं आत देतं. मशीनला सोळा वेळा उठाबशा नकोत म्हणून. नवशिके हे बघून घाबरतात. तिकडे दुर्लक्ष करायचं असतं."

हे मी मनाचं सांगितलं नाही. आमच्या धंद्यात पहिल्या महिन्यात हे शिकवतात. मोठे आकडे दिसले तर घाबरू नका, कार्डाची करामत आहे, पुढे जा. मी स्वतः किती जणांना शिकवलंय. आनंदाने मान हलवली, सीडी घेतली आणि गेला.

बुधवारी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. विश्वस्तांची बैठक शनिवारी चार वाजता होती. "मिस्टर घाडी, तोपर्यंत हे सुटलं नाही तर नेटवर्कचं सगळं काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं ठरतंय. तुमचा विभाग मग राहणार नाही." त्या रागावल्या नव्हत्या, त्याचीच भीती वाटली. अकरा वर्षांची खुर्ची. आईला काय सांगू, हे पहिलं डोक्यात आलं. आणि दुसरं आलं ते हे, की आनंदाला कुठेही काम मिळेल.

गुरुवारी दुपारी आनंदा माटुंग्याहून परत आला. मी स्कॅनच्या खोलीत होतो, ते दोघे टेक्निशियनही होते. तो नेहमीसारखा फरशीवर बसला आणि म्हणाला, "हर्षा, मी ते जोडायचं डोक्यात धरून बसलोय. कार्ड सोळा पाकिटं जोडतं. पाकीट त्या मशीनचंच असेल तर ठीक, ते आत उघडून घेईल. पण फायरवॉलचं ते नाहीच ना. त्याने फक्त पत्ता बदलायचा आणि पुढे ढकलायचं. मग बाहेरचं दार पंधराशेचं असताना ते गाठोडं परत तोडतं कोण?"

मी टेबलावरच्या सीडीवर नाव लिहायला घेतलं.

"टॉवर होईपर्यंत राहिलो त्या संक्रमण शिबिरातून निघताना काकीचं कपाट आठवतं? सुताराने खोलीतच जोडलेलं. चार माणसं लागलो, पण दारातून निघेना. शेवटी तिथेच सोडून आलो. पिंगचं काय, त्याला कोणी जोडत नाही. एकटंच असतं. म्हणून निघतं."

काकी म्हणजे माझी आई. कपाट आमचं. उदाहरणसुद्धा त्याने माझ्याच घरातलं काढलं.

तो बरोबर आहे हे मला तिथल्या तिथे कळलं, असं म्हणणार नाही. पण त्या दोन टेक्निशियननी एकमेकांकडे बघून मान डोलावली, अगदी बुवांनी डोलावली होती तशी, ती मात्र मला दिसली. डोक्यात तिडीक गेली.

"तू वायरमन आहेस," मी म्हटलं. "टेबलावर सीडी तयार आहे, ती पोचव. डोकं चालवायला मी बसलोय इथे."

आनंदा उठला, पँट झटकली, सीडी खिशात घातली. जाताना म्हणाला, "बघ जमलं तर." रागाने नाही. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

पाच वाजता मी एकटा फायरवॉलसमोर बसलो. कार्डाच्या पर्यायांचं पान उघडलं. जोडायच्या कामापुढे टिक होती. ती मुळात नसते. खाली बारीक अक्षरांत सूचनाही होती, की हे यंत्र दुसऱ्यांची पाकिटं पुढे पाठवत असेल तर हा पर्याय बंद ठेवा. रविवारी मी सगळे पर्याय धडाधड चालू करत गेलो, तेव्हा ही टिक मीच केली होती. मॅडमना वेग दाखवायला.

मी टिक काढली. यंत्र बंद करून चालू केलं, दोन मिनिटं केंद्राचं नेट गेलं. मग अडकलेले तीन स्कॅन पाठवले. पहिला चाळीस सेकंदात गेला. दुसरा गेला. तिसरा गेला.

मला आनंद व्हायला हवा होता ना? खुर्ची वाचली, पेशंटची सोय झाली. पण मी तिथे बसून फक्त एवढंच बघत होतो, की उद्या सकाळी ते दोघे टेक्निशियन सांगतील, आनंदाने सांगितलं म्हणून सुटलं. मॅडम सांगतील. विश्वस्तांपुढे आनंदाचं नाव निघेल. घरी आई सुरमईचा तुकडा काढेल. चार सर्टिफिकेटं भिंतीवर, आणि उत्तर फरशीवर बसलेल्या वायरमनचं. छातीत आग लागली होती. हेवा हा शब्द लहान आहे त्याला.

मी टिक परत केली. यंत्र परत बंद-चालू केलं. नेट परत दोन मिनिटं गेलं. स्कॅन परत चार टक्क्यांवर अडकायला लागले.

विचार असा होता: शुक्रवारी अकरा वाजता, आनंदा फेरीवर असताना, मॅडमना बोलावून त्यांच्यासमोर दुरुस्त करायचं. मी शोधलं म्हणून. एका रात्रीने काय बिघडतंय, चार दिवस सीडीवर निघालेच आहेत. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं.

शुक्रवारी साडेनऊला सीडी तयार झाली. आनंदाने ती घेतली, हेल्मेट घातलं, पट्टा लावला. मी दारातच उभा होतो. "थांब" एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, "सांभाळून जा."

अकराला मॅडम आल्या. मी थोडं भाषणही केलं. कार्ड, गाठोडं, पंधराशेचं दार. कपाट नाही सांगितलं. टिक काढली, यंत्र चालू केलं, स्कॅन पाठवला, चाळीस सेकंद. मॅडम म्हणाल्या, "मिस्टर घाडी, कमाल आहे तुमची." आणि खात्री करायला त्यांनी तिथल्या तिथे माटुंग्याला फोन लावला. तिथे स्कॅन उतरवून घेणारी अनुजा म्हणून मुलगी आहे. ती म्हणाली, आला, पूर्ण आला. पुढे आणखी काही तरी म्हणाली. मॅडमचा चेहरा बदलला.

किंग्ज सर्कलच्या पुलाखाली कुठल्या तरी टेम्पोतून तेल सांडलं होतं. त्यावरून आनंदाची स्कूटर घसरली. डाव्या मनगटाचे दोन तुकडे. स्कूटर तिथेच टाकून, टॅक्सी करून त्याने आधी माटुंग्याला सीडी दिली. अनुजाला म्हणाला, पेशंट टेबलावर आहे, आधी हे लाव. मग शीवच्या हॉस्पिटलात गेला.

गुरुवारी मी टिक परत केली नसती तर जो स्कॅन वायरवरून चाळीस सेकंदात गेला असता, तो त्याने मोडक्या हाताने पोचवला.

शनिवारी बैठक झाली. दोन पानांचा अहवाल मी लिहिला होता. 'दोषाचा शोध व निवारण: हर्षवर्धन घाडी.' विश्वस्तांनी टाळ्या वाजवल्या, विभाग राहिला, खुर्ची राहिली. ते दोघे टेक्निशियन मागच्या रांगेत होते, ते माझ्याकडे बघत नव्हते. आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. त्या खोलीत पहिल्यांदाच कोणी आनंदाचं नाव घेतलं नाही. पुढे मॅडमनी घेतलं, "त्यांना भरपगारी रजा द्या" म्हणून. तेवढंही मला खुपलं. माणूस किती हलका असू शकतो ते मी त्या दिवशी बघितलं, आरशात नाही, आतून.

रविवारी आईने पेज आणि सुंगटाची, म्हणजे सुक्या कोळंबीची, किसमूर डब्यात भरून दिली. "आनंदाक दी. आणि बस जरा तेच्याकडे, पळान येव नको."

तो खिडकीशी बसला होता. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. खाडीवर फ्लेमिंगो आले होते. मी डबा उघडून दिला, तो उजव्या हाताने खायला लागला. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोललो. डॉक्टर म्हणाले, मनगट पूर्ण वळणार नाही बहुतेक. पखवाजाची कणीक लावलेली बाजू डाव्या हाताची. हे तो बोलला नाही, मला माहीत होतं.

मग तो म्हणाला, "अनुजाने रजिस्टर दाखवलं मला शुक्रवारी. गाडीची वाट बघत बसलो होतो तेव्हा. गुरुवारी पाच वाजून वीस मिनिटांनी तीन स्कॅन आलेत. एकामागोमाग एक. मग थांबले."

किसमुरीचा वास, खिडकीतला वारा, सगळं मला आठवतंय.

"टेस्टिंग करत होतो," मी म्हटलं.

"हो," आनंदा म्हणाला. "मी पण अनुजाला तेच सांगितलं. म्हटलं, हर्षा टेस्टिंग करत असणार."

हे तो माझ्याकडे बघून म्हणाला नाही. खाडीकडे बघून म्हणाला. त्याला सगळं कळलंय की त्याचा खरंच विश्वास बसलाय, मला आजपर्यंत कळलेलं नाही. लहानपणापासून एका बाकावर, एका भिंतीला, एका दारासमोर राहून मला हा माणूस वाचता येत नाही. आणि तशा क्षणीही माझ्या मनात काय आलं असेल? की असं बोलता येणं मला कधी जमलं नसतं. त्याचासुद्धा मला हेवाच वाटला.

मी उठलो तेव्हा त्याने कोपऱ्याकडे मान केली. तिथे पखवाज होता, लाल खोळीत. "घेऊन जा. एकादशीला तू बस. तुझे बोल पाठ आहेत, माझे कधीच नव्हते."

आठवीपासून जे मला हवं होतं ते मी दोन हातांनी उचलून समोरच्या दारातून घरी आणलं. जड असतो पखवाज. आईने विचारलं, "ह्यो कित्याक आणलंस?" मी तो सर्टिफिकेटांखाली भिंतीशी ठेवला.

एकादशीला खालच्या हॉलमध्ये भजन झालं. मी पखवाजाला बसलो. आनंदा माझ्या शेजारी, जिथे मी तीस वर्षं टाळ घेऊन बसत होतो तिथे. एका हाताने टाळ वाजत नाहीत, म्हणून तो नुसता बसला होता. पहिला अभंग बरा गेला. दुसऱ्याला लय वाढली आणि माझा हात चुकला. बोल पाठ होते, सगळे पाठ होते, पण गाणारा जिथे थांबत होता तिथे मी थांबत नव्हतो. तात्यांनी वळून बघितलं. तेवढ्यात आनंदाचा उजवा हात त्याच्या मांडीवर पडायला लागला. हळू, कोणाला दिसणार नाही असा. मी त्याच्या मांडीकडे बघत वाजवत गेलो आणि भजन पार पडलं.

लिफ्टमध्ये आई म्हणाली, "बरो वाजवलंस हां. पण आनंदाचो हात तो आनंदाचोच."

"हो," मी म्हटलं. "तो मी मोडला."

आईला वाटलं मी काही तरीच बोलतोय. चौदावा मजला आला आणि ती घरात गेली. समोरच्या दारात आनंदा किल्ली लावत होता, एका हाताने, कुलूप दाबून धरायला दुसरा हात नाही म्हणून खांदा टेकवून. मी पुढे होऊन किल्ली फिरवली. तो "बरं" म्हणाला आणि आत गेला.

तर तात्या, तुम्ही आनंदावर लिहायला सांगितलंत, ते हे. वायरमन आहे, कान देऊन ऐकतो, स्कॅन ज्याने अडत होते तो दोष त्याने शोधला. केंद्रातला अहवाल खोटा आहे, त्याची एक प्रत सोबत जोडली आहे आणि एक दुरुस्त करून आज सकाळी मॅडमच्या टेबलावर ठेवून आलोय. संध्याकाळी चारला त्यांनी बोलावलंय. खुर्ची राहते की नाही ते तेव्हा कळेल. हे छापा किंवा नका छापू, तुमची मर्जी. छापलंत तर खाली माझं नाव पूर्ण घाला, त्या अहवालाखाली होतं तसंच.

हर्षवर्धन घाडी